भिंतीवरची इलेक्ट्रिक फायरप्लेस: आधी भिंत आणि वायर, मग मॉडेल

महाबळेश्वर-पाचगणीचा बंगला, लोणावळ्याचे सेकंड होम, निफाडकडचे शेतातले घर, किंवा दिल्ली-इंदूरला स्थायिक झालेल्या कुटुंबाचा फ्लॅट. हिवाळ्यात खोली खरोखर गार पडते अशा घरात भिंतीवर टांगायची इलेक्ट्रिक फायरप्लेस उपयोगी पडते. काचेमागे एलईडीची दिखाऊ ज्वाळा आणि आत विजेचा हीटर, अशी ही वस्तू. दिसायला ती टीव्हीसारखी असते, म्हणून लोक ती टीव्हीसारखीच विकत घेतात: आधी ज्वाळा आवडते, मग इंच ठरतात, आणि शेवटी घरी आल्यावर प्रश्न पडतो की प्लग कुठे लावायचा. विजेच्या हिशोबात मात्र ती गिझरच्या जातीची वस्तू आहे. प्लग वितळणे, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडणे, ब्रॅकेट सैल होणे या सगळ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसते. ते भिंतीत आणि वायरिंगमध्ये असते. म्हणून या लेखात खरेदी मधेच कुठेतरी येते.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. लाकडाच्या फायरप्लेसला छताबाहेर जाणारे धुराडे लागते. तयार फ्लॅटमध्ये ते शक्य नाही, बंगल्यातही बांधकामाच्या वेळीच ठरवावे लागते. इथेनॉलवर चालणारी भिंतीवरची फायरप्लेस धूर देत नाही हे खरे, पण एक लिटर इथेनॉल जळले की सुमारे 0.9 लिटर पाण्याची वाफ आणि दीड किलो कार्बन डायऑक्साइड खोलीतच राहतो. बंद खोलीत काचांवर पाणी धरते आणि डोके जड होते, म्हणजे खिडकी उघडी ठेवणे आले. भर उजेडात तिची ज्योत नीट दिसत नाही, आणि गरम बर्नरमध्ये इंधन ओतण्याची चूक जिवावर बेतते. लहान मुले असलेल्या घरात ती नकोच. कोळशाची शेगडी थंडीत झोपण्याच्या खोलीत आणण्याचा प्रकार अजूनही होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस जागा होत नाही. निखारे विझत आले तरी ती शेगडी आत आणू नका.

किती वॅटची हवी

एक उदाहरण पूर्ण करून बघू. खोली 12 बाय 14 फूट, उंची 10 फूट, 9 इंची विटांच्या दोन बाहेरच्या भिंती, 30 चौरस फुटांची साध्या काचेची खिडकी, वर थेट गच्चीचा स्लॅब. बाहेर 10 अंश, आत 20 अंश हवे. दोन भिंतींतून साधारण 430 वॅट उष्णता बाहेर जाते, खिडकीतून 160, दाराखिडक्यांच्या फटींतून हवा तासाला एकदा बदलते असे धरले तर आणखी 160, आणि स्लॅबमधून एकटा 470. बेरीज 1200 वॅटच्या आसपास. या खोलीला 1500 वॅटचे यंत्र पुरते, पण ऐसपैस नाही. तीच खोली मधल्या मजल्यावर असेल तर स्लॅबचा आकडा गळतो आणि 750 वॅटवर काम भागते.

या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग किंवा गच्चीवर उष्णतारोधक थर करणे हे यंत्राचे वॅट वाढवण्याइतकेच मोलाचे आहे. दाराखालची फट बंद करण्याचे रबर आणि जाड पडदे त्याहून स्वस्त. दुसरी, हा आकडा खोली एकदा तापल्यानंतरचा आहे. विटा आणि काँक्रीट आधी स्वतः उष्णता पितात. आठवडाभर बंद असलेल्या बंगल्यात शुक्रवारी रात्री पोचून यंत्र लावले तर पहिला एक-दीड तास हवा फक्त कोमट होईल. यंत्र बिघडलेले नसते, भिंती गार असतात.

वीजबिलाचे गणित सरळ आहे. 1500 वॅट तीन तास म्हणजे साडेचार युनिट. आपल्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने गुणा, कारण हे युनिट त्याच टप्प्यात जाऊन पडतात. 10 रुपये दर धरला तर रोजचे 45 रुपये. नुसती एलईडी ज्वाळा चालू ठेवली तर साधारण 10 ते 20 वॅट, म्हणजे काहीच नाही. मुंबई, कोकण, गोवा इथे हीटरची गरजच पडत नाही. तिथे ही वस्तू शोभेची म्हणून घ्यायची असेल तर ज्वाळा हीटरशिवाय चालते एवढे नक्की बघा. आणि रोज सहा-आठ तास खोली गरम ठेवायची असेल तर गरम-थंड इन्व्हर्टर एसी तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट उष्णता देतो, हेही विकत घेण्याआधी माहीत असावे. फायरप्लेसचा उपयोग संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी, समोर बसणाऱ्या माणसांसाठी.

वायरिंग तपासा

1500 वॅट भागिले 230 व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. 2000 वॅटला पावणेनऊ. आपल्याकडचा दिवाणखान्यातला लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो, आणि अनेकदा त्याच्या मागे 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असते, जिच्यावर पंखे, दिवे, टीव्हीही असतात. फायरप्लेस तिथे लावली तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. महिन्याभरात सॉकेटची पितळी पात गरम होऊन ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापते, मग प्लास्टिक पिवळे, मग तपकिरी. प्लगला रूपांतरक लावून लहान सॉकेटमध्ये घुसवणे, किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवणे, हे कितीही तात्पुरते असले तरी करू नका.

इलेक्ट्रिशियनला हे नेमके सांगा: वितरण पेटीतून स्वतंत्र 16 अँपिअरचा एमसीबी, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची फेज आणि न्यूट्रल, सोबत हिरवी अर्थिंगची वायर, आणि शेवटी 16 अँपिअरचा सॉकेट स्विचसह. यंत्र 2000 वॅटचे असेल किंवा पेटी 20 मीटरपेक्षा लांब असेल तर 4 चौरस मिलिमीटर घाला. पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. घरात इन्व्हर्टर असेल तर ही लाइन इन्व्हर्टरवर जात नाही ना, हे पेटी उघडलेली असतानाच बघून घ्या.

मग वीजबिल काढा आणि मंजूर भार वाचा. तो 2 किलोवॅट असेल आणि घरात 2 किलोवॅटचा गिझर असेल, तर गिझर आणि फायरप्लेस एकाच वेळी चालवायची नाही किंवा भार वाढवून घ्यायचा. जुन्या बंगल्यांत अर्थिंगची वायर दिसते पण जमिनीतल्या खड्ड्याशी तिचा संबंध तुटलेला असतो. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढाच व्होल्टेज यायला हवा जेवढा फेज आणि न्यूट्रल यांच्यात येतो. 230 ऐवजी 90 किंवा 140 असा काहीतरी आकडा दिसला तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका.

सॉकेटची जागा चुकली तर सगळे काम पुन्हा करावे लागते. यंत्राच्या बरोबर वर सॉकेट असू नये, म्हणजे हीटर सॉकेटच्या थेट खाली येऊ नये. वर जाणारी गरम हवा प्लगला तापवते. यंत्राच्या मागेही लपवू नका, कारण धूर दिसला तर प्लग हाताशी हवा. चांगली जागा म्हणजे यंत्राच्या कडेपासून सहा-आठ इंच बाजूला, जमिनीपासून फूटभर वर, आणि त्याचा स्विच उभ्याने हात पोचेल असा. यंत्राची तार साधारण दीड मीटर असते आणि बहुतेक वेळा ती उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघते. मॉडेल ठरल्यावर तार कुठून निघते ते बघूनच भिंतीत झिरी मारायला सांगा.

भिंत कोणती आहे ते ओळखा

36 इंची यंत्र 12 ते 15 किलो, 50 इंची 18 ते 25 किलो, 60 इंची त्याहून जास्त. 20 किलो वजन सहा स्क्रूंवर वाटले तर प्रत्येकाला साडेतीन किलोही येत नाही. मग ब्रॅकेट का सुटतात? कारण फिशर (स्क्रू पकडण्यासाठी भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या खुंट्या) विटेत नसतात, प्लास्टरमध्ये असतात. प्लास्टर 15 ते 20 मिलिमीटर जाड असते आणि 40 मिलिमीटरच्या फिशरचा निम्मा भाग त्यातच संपतो. त्यात हीटर रोज तापतो आणि थंड होतो, प्लास्टर हळूहळू भुगा होते.

लाल विटांच्या भिंतीत 8 मिलिमीटरचे बिट, 75 मिलिमीटर खोल भोक, 8 बाय 40 चा नायलॉन फिशर प्लास्टरच्या आत ढकलून थेट विटेत बसवलेला, आणि 70 मिलिमीटरचा स्क्रू. भोक पाडताना भुगा बघत राहा: आधी करडा-पांढरा, मग लाल. 20 मिलिमीटरनंतर लाल भुगा आलाच नाही तर तुम्ही विटांच्या सांध्यात आहात, इंचभर सरका.

सिपोरेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंतीत हॅमर बंद ठेवून भोक पाडायचे. हॅमर चालू राहिला तर भोक फनेलसारखे होते आणि फिशर गोल फिरत राहतो. इथे 10 बाय 80 चा लांब फिशर किंवा त्याच ब्लॉकसाठी बनवलेला अँकर वापरा. 4 इंची ब्लॉक असेल तर भोक पलीकडच्या खोलीत निघू नये म्हणून बिटला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. ठोकून बघितले की विटेचा आवाज टणक येतो, ब्लॉकचा बसका.

नव्या टॉवरमधल्या सलग काँक्रीटच्या मिवान भिंतीत पकड उत्तम मिळते, पण आत सळ्या आणि विजेचे पाइप आहेत. बिट अडले तर जोर लावू नका, 30 मिलिमीटर बाजूला घ्या. सॉकेट किंवा स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच भोक पाडू नका, पाइप तिथूनच गेलेला असतो. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत भोक वेडेवाकडे आणि मोठे होते, तिथे साध्या फिशरच्या नादी न लागता केमिकल अँकर (भोकात भरला की घट्ट होणारा चिकट लगदा) भरून घ्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या. जिप्समच्या पार्टिशनवर नुसत्या बोर्डात स्क्रू मारणे म्हणजे यंत्र खाली पडण्याची वाट बघणे. आतल्या जीआय सेक्शनवर, म्हणजे पत्र्याच्या चौकटीवर, स्क्रू यायला हवेत, नाहीतर बोर्ड कापून मागे आधार घालून घ्या.

पावसाळ्यात ओल धरणारी पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा, विशेषतः महाबळेश्वरसारख्या ठिकाणी. बाहेरची भिंत ओली झाली की मागच्या पत्र्यावर आतून पाणी धरते.

आता मॉडेल

दुकानात सगळ्यात आधी मागचे लेबल वाचा. 220–240 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि वॅट हे तिन्ही आकडे स्पष्ट हवेत, आणि आयएसआय चिन्हही हवे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले 120 व्होल्टचे यंत्र इथे सरळ लावले तर हीटरच्या कॉइलमधून नेहमीच्या साडेतीन पटींहून जास्त शक्ती जायला बघते, म्हणजे ती काही क्षणांत संपते. मोठा ट्रान्सफॉर्मर लावून ते चालवता येते, पण तो जड, गुणगुणणारा आणि स्वतः तापणारा असतो. त्यापेक्षा ते यंत्र आणू नये हेच बरे.

गरम हवा कुठून निघते, हा दुसरा प्रश्न. वरून निघत असेल तर वरची भिंत काळवंडते आणि तिथे टीव्ही, फोटो, देव्हारा काही लावता येत नाही. समोरून खालच्या बाजूने निघणारी हवा सोफ्यापर्यंतही नीट पोचते. टांगायच्या यंत्रात समोरून हवा देणारेच घ्या. त्याशिवाय: हीटरचे दोन टप्पे, थर्मोस्टॅट, जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय, टफन्ड काच, आणि यंत्रावरच बटणे. रिमोट हरवतो. दुकानात हीटर चालू करून पंख्याचा आवाज ऐका. ज्वाळा दुकानाच्या झगमगाटात फिकी आणि घरच्या अंधारात भडक वाटते, म्हणून उजेड कमी-जास्त करण्याची सोय असलेलीच निवडा.

भिंतीवर हल्ली लावतात ते पीव्हीसीचे लूवर पॅनेल किंवा वॉलपेपर आधीच असेल, तर यंत्राच्या मागून आणि वरून तेवढा भाग काढून टाका. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. यंत्राच्या मागे टाइल, रंगवलेले प्लास्टर, दगड मात्र चालते.

उंची आणि बसवणी

सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून 40 ते 42 इंचांवर असते. ज्वाळा त्याच्या किंचित खाली हवी. 20 इंच उंचीच्या यंत्राची खालची कड जमिनीपासून 24 ते 26 इंचांवर ठेवली तर ज्वाळेचा मध्य 35 इंचांच्या आसपास येतो. समोर एक मीटरपर्यंत सोफा, गादी, पडदा नको. बाजूचा पडदा वाऱ्याने उडून समोर येतो का, तेही बघा. वरच्या फळीपर्यंतचे अंतर माहितीपत्रकात दिलेले असते, ते कमी करू नका.

टीव्ही आणि फायरप्लेस एकाच भिंतीवर हवी असा आग्रह बहुतेक घरांत असतो. मोजून बघा. यंत्राची खालची कड 14 इंचांवर आणली, वरची 34 वर गेली, मध्ये 10 इंच सोडले, की टीव्ही 44 इंचांपासून सुरू होतो आणि 43 इंची टीव्हीचा मध्य 55 इंचांवर जातो. दोन तास मान वर करून बघावे लागते. दुसरी भिंत मोकळी असेल तर फायरप्लेस तिथेच चांगली.

लागणारे सामान: हॅमर ड्रिल, बिट, टेप, पेन्सिल, स्पिरिट लेव्हल, कागदी टेप, टेस्टर, मल्टिमीटर, स्क्रू-फिशर, आणि दुसरा माणूस.

1. एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. ड्रिलची वीज दुसऱ्या लाइनवरून घ्या.

2. ब्रॅकेट भिंतीला धरून लेव्हल बघा. जमिनीपासून मोजून दोन टोके जुळवू नका, फरशीला उतार असतो. यंत्र तिरके असले तर ज्वाळेची तळरेघ लगेच डोळ्यांत भरते.

3. आधी मधले एकच भोक पाडा, ब्रॅकेट एका स्क्रूवर टांगा, पुन्हा लेव्हल धरा, मग बाकीच्या खुणा करा. सगळ्या खुणा एकदम करून पाडलेली भोके एक-दोन मिलिमीटर सरकतात आणि मग ब्रॅकेट ओढून-ताणून बसवावे लागते.

4. भोकातला भुगा फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा. भुगा राहिला तर फिशर पूर्ण आत जात नाही, आणि लोक तो हातोडीने ठोकून चेपतात.

5. स्क्रू हाताने शेवटचे फेरे देऊन आवळा. मग ब्रॅकेट दोन्ही हातांनी खाली आणि बाहेर ओढा. किंचितही हलले तर ते भोक रद्द, दुसरे पाडा. चुकलेले भोक पुट्टीने बुजवून त्यातच स्क्रू मारू नका.

6. यंत्र दोघांनी उचला, काच वेगळी होत असेल तर काढून ठेवा. मागची खाच ब्रॅकेटवर बसल्याचा आवाज येतो. त्यानंतर खालचे दोन लॉकचे स्क्रू लावायचेच, कारण पुसताना यंत्र वर उचलले गेले तर तेच त्याला धरून ठेवतात.

7. तार यंत्राच्या मागे गुंडाळून कोंबू नका. जास्तीची तार बाजूने खाली सोडा, हवेच्या तोंडासमोर येऊ देऊ नका.

भिंतीत खाच करून सपाट बसवायची असेल तर घरातली भिंत फोडू नका. साडेचार इंची भिंतीत खाचेला जागाच नाही, आणि काँक्रीटची भिंत इमारतीचा भार वाहते, ती कापायची नसते. पुढे जीआय सेक्शनची 6–7 इंच खोल खोटी भिंत उभारा, जिप्सम बोर्ड लावा आणि यंत्रापेक्षा अर्धा इंच मोठी जागा ठेवा. हवा घ्यायच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत याकडे लक्ष द्या. त्या बंद झाल्या की यंत्र दहा मिनिटांत स्वतःला बंद करते.

पहिली चाचणी

प्लग लावून फक्त ज्वाळा चालू करा, मग कमी टप्प्यावर हीटर, मग पूर्ण. पहिली 10–15 मिनिटे जळका वास येतो. ती कॉइलवरची धूळ आणि कारखान्यातले तेल असते, खिडकी उघडा. अर्ध्या तासानंतरही वास येत असेल किंवा तो प्लास्टिकचा असेल तर बंद करा.

आता खरी परीक्षा. हीटर चालू नसताना आणि चालू असताना त्याच लाइनवरचा व्होल्टेज मोजा. चांगल्या 2.5 चौरस मिलिमीटर वायरीत 15 मीटरवर फरक दीड व्होल्टच्या आसपास पडायला हवा. वितरण पेटीतला आकडा जागेवर असताना सॉकेटवरचा पाच-सहा व्होल्टने उतरला तर मधे कुठेतरी जोड सैल आहे. अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लगचे अंग बोटाने तपासा. कोमट चालेल, चटका नको.

नंतर येणाऱ्या तक्रारी

ज्वाळा चालते पण हीटर नाही: आधी थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानाच्या वर न्या. दुपारी 26 अंशांच्या खोलीत 22 वर लावलेला हीटर चालू होणारच नाही. दहा-पंधरा मिनिटांनी हीटर थांबतो: जाळीत धूळ किंवा समोर पडदा. प्लग काढून 10 मिनिटे थंड होऊ द्या, जाळी ब्रशने साफ करा. तरीही थांबत असेल तर पंख्याची मोटर मंदावली आहे, हे कारागिराचे काम. उष्णता कमी वाटते: व्होल्टेज मोजा. लाइन 230 वरून 200 वर उतरली तर कॉइलची उष्णता 13 टक्क्यांनी नाही, चौथ्या हिश्श्याने घटते.

हंगामातल्या पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडतो, ही थंड हवेच्या ठिकाणच्या बंद घरांतली नेहमीची गोष्ट. चार महिन्यांचा दमटपणा आत बसलेला असतो आणि त्यातून थोडी वीज अर्थकडे गळते. आरसीसीबी काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जूनमध्ये घर बंद करताना प्लग काढा, यंत्रावर सुती कापड टाका, प्लास्टिक नको, त्याच्या आत ओल कोंडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आल्यावर दारे-खिडक्या उघडून दिवसभर वारा लागू द्या, जाळीतली धूळ आणि कोळ्याची जाळी काढा, हीटरशिवाय नुसता पंखा चालत असेल तर तो अर्धा तास फिरवा, मग कमी टप्प्यावर हीटर लावा. तरीही आरसीसीबी पडलाच तर यंत्र उतरवून दुरुस्तीला द्या, आणि त्याच दिवशी ब्रॅकेटचे स्क्रूही एकदा आवळून घ्या.